घोड्याच्या घरात घोडा

परत येऊन आठवडा झाला तरी माझ्या बॅगेचा काकवीचा वास काही जात नाही. निघताना प्रेमाने दिलेली बाटली वाटेत कुठेतरी सैल झाली आणि माझा पंचाचा काळा कोट, दोन साड्या आणि नियमांचं पुस्तक असं सगळं गोड झालं. कोट धोब्याकडे गेला आहे. पुस्तकाची पानं मी एकेक करून सोडवते आहे.

चिपळुणात भेटेल तो विचारतो, बारामतीला जाऊन पाहिलंस काय? ऊस पाहिला, असं म्हटलं की माणसं हसतात. पण खरोखर, नजर जाईल तिथे ऊसच. आमच्याकडे दहा पावलांवर चढ लागतो, वळण लागतं, कुणाच्या तरी परसातली माडाची झावळी अंगावर येते. तिकडे जमीन अशी सपाट की समोरून येणारा माणूस आधी टोपी म्हणून दिसतो, मग हळूहळू माणूस होतो. पहिले काही तास मला चुकल्यासारखं वाटलं. नंतर ते मोकळेपण आवडलं, हेही कबूल करते.

मी गेले ते कामाला. गणित शिकवून निवृत्त झाले आणि बुद्धिबळाची पंच म्हणून हिंडायला लागले. पंच म्हणजे खेळात काहीही न करता दिवसभर उभं राहायचं आणि कुणी भांडलं की नियम सांगायचा. माझ्या स्वभावाला हे काम फार मानवतं. इंदापूर तालुक्यात अंथुर्ण्याला जलद बुद्धिबळाची दोन दिवसांची स्पर्धा होती, जिचे निकाल थेट खेळाडूंच्या जागतिक मानांकन यादीसाठी जातात. खेड्यात अशी स्पर्धा हे काही वर्षांपूर्वी कुणी ऐकलं असतं तर हसला असता. पण आपला चेन्नईचा मुलगा अठराव्या वर्षी जगज्जेता झाला, ऑलिंपियाडची दोन्ही सुवर्णपदकं एकाच वेळी आपल्याकडे आली, नागपूरच्या मुलीने महिलांचा विश्वचषक आणला, आणि आता गावोगावच्या मंगल कार्यालयांत लग्नाच्या तारखांमध्ये बुद्धिबळाला जागा मिळते आहे.

बारामती, सांगवी

उतरले होते गायकवाड सरांकडे. सर बारामतीत गणितच शिकवतात आणि ही स्पर्धा त्यांनीच हट्टाने उभी केली होती. घरात शिरल्याबरोबर समोर बुद्धांची मूर्ती, वर बाबासाहेबांचा फोटो, आणि खालच्या फळीवर सरांच्या विद्यार्थ्यांनी आणलेल्या ढाली. जागा पुरत नाही म्हणून काही ढाली फ्रिजवर ठेवल्या होत्या. सरांच्या वडिलांनी आयुष्यात दोनच चैनीच्या वस्तू घेतल्या, एक रेडिओ आणि एक बुद्धिबळाचा पट, हे त्यांनी मला चहाच्या आतच सांगितलं.

शीलाताई, म्हणजे सरांची बायको, बँकेत अधिकारी आहेत. मी कोकणातली म्हणून त्यांनी मुद्दाम मासे केले. उजनीच्या पाण्यातली चिलापी, भिगवणहून आणलेली. आता गोड्या पाण्यातला मासा म्हटलं की आम्ही कोकणी नाक मुरडणारच. मी तोंडदेखलं हसले आणि एक तुकडा घेतला. लाल तिखटात घोळून कुरकुरीत तळलेला. मग दुसरा घेतला. तिसरा घेताना शीलाताई माझ्याकडे बघत होत्या, त्यांना काय ते कळलं. चिपळुणात मी हे कुणाला बोललेले नाही.

दुपारनंतर सरांबरोबर सांगवीला गेले. तिथल्या तालमीतून सतरंज्या आणि लांब बाकं आणायची होती. तालमीच्या ओट्यावर कापडी पट पसरून दोन म्हातारे खेळत होते आणि भोवती गर्दी. खेळणारे दोन, खेळवणारे डझनभर. कोण म्हणतोय हत्ती काढ, कोण म्हणतोय येडा का खुळा तू, तर एकाने खाली वाकून चक्क दुसऱ्याचा उंट हलवला. माझ्या हॉलमध्ये कुणी खोकलं तरी मी भुवई वर करते. इथे माझी भुवई वर गेली ती खाली यायला तयार नव्हती.

शिवाय खेळ चालला होता आपला जुना, देशी. आपल्याकडे आजोबा-पणजोबा खेळायचे तो. त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकतं. राजाला एकदा घोड्यासारखी उडी मारता येते. आणि प्यादं शेवटच्या ओळीला पोचलं की ते ज्याच्या घरात पोचलं तेच होतं. हत्तीच्या घरात हत्ती, घोड्याच्या घरात घोडा. आंतरराष्ट्रीय खेळात असं नसतं. तिथे शेवटच्या ओळीला पोचलेल्या प्याद्याचं राजा सोडून हवं ते करता येतं, आणि माणसं बहुतेक वेळा वजीरच करतात, कारण तो सगळ्यांत बळकट.

खेळणाऱ्यांपैकी एक नामदेवराव. सगळा गाव त्यांना आबा म्हणतो. सत्तरीकडे झुकलेले, अंगाने काटक, ऊस आणि चार म्हशी. त्यांची नात ऋतुजा बारामतीत अकरावीला आहे आणि चांगली खेळते. तिला खेळ आबांनी शिकवला, तो देशी. मग तिने सरांकडून आंतरराष्ट्रीय नियम शिकून आबांना उलट शिकवले. गेलं वर्षभर आबा तिच्याबरोबर स्पर्धांना जाऊन स्वतःही खेळतात.

मी पंच आहे कळल्यावर आबांनी डाव अर्धवट टाकला आणि मला खुर्ची आणवली. त्यांना एकच विचारायचं होतं. ती जागतिक यादी एकच असते का, की मोठ्यांची वेगळी आणि आमच्यासारख्यांची वेगळी? मी सांगितलं, एकच. वरती जगातले सगळ्यांत बलवान खेळाडू, पहिल्या दहांत आपलीही पोरं, आणि तिथून खाली येत येत सगळे.

"म्हंजी त्यो जगज्जेता बी त्यातच आन् आमची रुतुजा बी त्यातच."

"हो."

"मग आपलं बी नाव घाला की बाई."

रेशनकार्डात नाव घालावं तसं ते म्हणाले. मला हसू आलं, पण त्यांना आलेलं नव्हतं. मी समजावलं की माझ्या हातात काही नाही. आधीच यादीत असलेल्या खेळाडूंशी ठरावीक डाव व्हावे लागतात आणि त्यांतून पुरेसे गुण मिळवावे लागतात. ऋतुजाने याचा हिशेब केव्हाच केला होता. आधीच्या स्पर्धांचं धरून आबांना अंथुर्ण्यात अशा खेळाडूंकडून आणखी अडीच गुण काढायचे होते. जिंकला की एक, बरोबरी झाली की अर्धा.

कशाला हवंय आबा, असं मी विचारलं. "हाय एक काम," एवढंच म्हणून ते पुन्हा पटाकडे वळले, आणि तेवढ्यात कुणीतरी त्यांचा घोडा मारून ठेवला होता, त्यावरून जी काय वादावादी झाली ती आम्ही बाकं भरून निघेपर्यंत चालू होती.

अंथुर्णे, पहिला दिवस

आमच्याकडे कार्यक्रमाला पाहुणा आला की नारळ हातात देतात, तो पिशवीत टाकतो आणि विषय संपतो. इकडे सत्कार ही जेवणाइतकीच गंभीर गोष्ट आहे. शाल आली, श्रीफळ आलं, डाळिंबांची पेटी आली आणि शेवटी फेटा. मी नको नको म्हणत होते तोवर बांधून झालासुद्धा. तो काढणं बरं दिसेना, म्हणून पहिली अख्खी फेरी मी गुलाबी फेट्यात पंचगिरी केली. त्याचा एक फायदा झाला. पोरं माझ्याकडे बघून आपोआप गप्प बसत होती.

त्याआधी भाषणं. एका पुढाऱ्यांनी भारताने बुद्धिबळात जगाला कसं पाणी पाजलं हे सांगायला सुरुवात केली आणि ते थेट द्यूतापर्यंत मागे गेले. घड्याळाला बांधलेले दीडशे जीव वाट बघत होते. शेवटी मी बुद्धिबळाचं एक घड्याळ उचललं, पाच मिनिटं लावली आणि शांतपणे त्यांच्या पुढ्यात ठेवलं. सभागृहात हशा झाला. गृहस्थ मात्र दिलदार निघाले. वेळ संपायच्या आत दोन्ही हात जोडून म्हणाले की आपण हार मानली, खेळ सुरू करा.

आबांची पहिल्या फेरीत गाठ पडली पुण्याहून आलेल्या एका इवल्याशा मुलीशी. तिची मान टेबलाच्या वर जेमतेम येत होती आणि खेळताना ती सतत चिक्की खात होती. तिने आबांना धुतलं. उठताना आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिच्याकडूनच चिक्की मागून खाल्ली. दुसऱ्या फेरीत मात्र त्यांनी इंजिनिअरिंगच्या एका मुलाला असा काही कोंडीत धरला की त्या पोराने शेवटी स्वतःच हात पुढे करून हार मानली. दिवसअखेर आबांचा हवा होता त्यातला एक गुण झाला होता.

जेवणात बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, ठेचा आणि ताक. कोकणात वाढणारा विचारतो, अजून हवं का? नको म्हटलं की खरंच देत नाही, मग भुकेले राहा. इकडे विचारण्याची पद्धतच नाही. ताटावर हात आडवा धरला तर हाताच्या फटीतून भाकरी आत येते. वाढणारे एक तात्या होते, त्यांना मी पोट भरलं असं पुन्हा पुन्हा सांगितलं. ते म्हणाले, भरलं तर भरू द्या, त्येला काय हुतंय.

अंथुर्णे, दुसरा दिवस

सकाळी चौकाच्या अलीकडे उसाची ट्रॉली कलंडली. कारखान्याचा हंगाम, रस्त्यावर ट्रॅक्टरची रांग, आणि त्यात हे. सगळा ऊस आडवा पसरलेला आणि मागे आमचे निम्मे खेळाडू अडकलेले. नियमाने मी घड्याळं सुरू करायला हवी होती. पण खिडकीतून बघते तर आमचे खेळाडूच उतरून मोळ्या उचलायला लागलेले, आणि त्यांत आबा सगळ्यांच्या पुढे. फेरी थोडी पुढे ढकलली. पंचाला तेवढा अधिकार असतो आणि माणसाने तो अशाच वेळी वापरावा.

दुपारपर्यंत आबांनी यादीतल्या आणखी एका खेळाडूला हरवलं. आता उरली शेवटची फेरी आणि हवा होता अर्धा गुण. जोड्या संगणक लावतो, ज्याचे गुण ज्याच्या आसपास त्याच्याशी. मी कागद भिंतीला डकवला आणि सभागृहात कुजबुज सुरू झाली. आबांच्या समोर ऋतुजा.

संगणकाला आजोबा-नात कळत नाही. मला कळतं, पण मला जोडी बदलायचा अधिकार नव्हता. दोन-तीन जण माझ्यापाशी येऊन डोळे मिचकावून गेले, म्हणजे झालं आबांचं काम, पोरगी देईलच की. मला ते मुळीच आवडलं नाही. मी ऋतुजाला बाजूला घेऊन काही सांगणार, तोच आबा सगळ्यांना ऐकू जाईल असं तिला म्हणाले, "हातचं राखून खेळलीस तर म्या बोर्डावरनं उठून जाईन. मग ते नाव बी नको आन् काय बी नको."

ऋतुजाने मान डोलावली आणि खुर्ची पुढे ओढली. तिला जिंकून मुलींतलं पहिलं बक्षीस मिळण्यासारखं होतं, आणि ती त्यासाठीच खेळली. मी त्यांच्या टेबलापासून हलले नाही. नात हल्ला करत होती आणि आजोबा शेतातलं पाणी वळवावं तसे तिच्या मोहऱ्यांना बांध घालत होते. मग घाईत तिने एक हत्ती गमावला. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, तेव्हा माझी खात्री पटली की हे नाटक नाही. पुढे मारामारीत मोहरी संपत गेली आणि शेवटी पटावर उरला ऋतुजाचा एकटा राजा, आणि आबांचा राजा आणि एक प्यादं. प्यादं शेवटच्या घराकडे निघालेलं. आता ते पोचणार, त्याचा वजीर होणार, आणि आबा जिंकणार, हे टेबलाभोवतीच्या सगळ्यांना दिसत होतं.

प्यादं होतं घोड्याच्या रांगेतलं. ते पोचलं. आबांनी मारलेल्या मोहऱ्यांमध्ये हात घातला, घोडा उचलला, आणि ठामपणे त्या घरात ठेवला.

मोहरं घराला टेकलं की निवड पक्की, परत फिरवता येत नाही. एक राजा आणि एक घोडा यांनी समोरच्या एकट्या राजावर मात होऊच शकत नाही. मी पुढे झाले, घड्याळ थांबवलं आणि डाव बरोबरीत सुटल्याचं सांगितलं. म्हणजे आबांना हवा होता तो अर्धा गुण मिळाला होता. मला इतका आनंद झाला की पंचाने गंभीर दिसावं हे मी विसरले.

पण आबांनी मान खाली घातली होती. हात मांडीवर, नजर घोड्यावर. जणू कुणीतरी हसायची ते वाट बघत होते. खिडकीतून बघणारे सांगवीचे म्हातारे तेवढ्यात माझ्याशी भांडायला आत आले. बरोबरी कशी, घोड्याच्या घरात घोडाच यायचा, यात आमच्या नामदेवाचं चुकलं काय? मी त्यांना कसंबसं बाहेर काढलं आणि आबांसमोर बसले. म्हटलं, आबा, नाव येणार तुमचं यादीत, तोंड का पाडता?

"यादीचं न्हाय वो बाई," ते म्हणाले, आणि मग हळूहळू सांगायला लागले. पंचविशीत असताना ते पुण्याला एका स्पर्धेत खेळायला गेले होते. गावात कुणाला हरायचे नाहीत, म्हणून लोकांनीच आग्रह करून पाठवलं होतं. तिथेही असंच एक प्यादं पोचलं आणि त्यांनी घोड्याच्या घरात घोडा ठेवला. समोरचा शहरातला गडी मोठ्याने हसला. शेजारच्या टेबलांवरचे वळून बघायला लागले. हितं असं चालत न्हाय, गावाकडचा खेळ गावात खेळ, असं कुणीतरी म्हणालं. आबा उठले, चपला घातल्या आणि एसटी पकडून परत आले. घरी सांगितलं, हरलो. यादीत नाव हवं होतं ते एवढ्यासाठी, की एकदा कागदावर यावं, या माणसाला खेळता येतं. आणि आज नेमकं तेच हातून झालं.

"तेव्हा पंचाला बोलावलं होतं का तुम्ही?" मी विचारलं.

"कशाला? चूक माजीच व्हती."

मी नियमांचं पुस्तक त्यांच्यापुढे उघडलं, मग लक्षात आलं की ते इंग्रजीत आहे, आणि मिटून ठेवलं. "आबा, प्याद्याचं काय करायचं हे खेळणाऱ्याने ठरवायचं. वजीर, हत्ती, उंट, घोडा, काहीही. आजही असंच आहे आणि तेव्हाही असंच होतं. तुमचा पुण्यातला घोडा बरोबर होता."

त्यांनी मला ते पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं. ऋतुजा तोंडावर हात धरून उभी होती. तिला ही पुण्याची गोष्ट कधीच माहीत नव्हती, घरात कुणालाच नव्हती. तिने त्यांना नियम शिकवले तेव्हा प्याद्याचा वजीर करायचा असं शिकवलं होतं, हवं ते करता येतं हे सांगायची तिला गरजच वाटली नव्हती.

"मग म्या उठलो कशाला?" आबा म्हणाले. त्यांनी हे मला विचारलं नव्हतं, म्हणून मी मोहरी गोळा करायला घेतली.

बक्षीस समारंभ उशिरापर्यंत चालला. मुलींतलं पहिलं बक्षीस त्या चिक्कीवाल्या मुलीला गेलं आणि ऋतुजाने तिच्यासाठी जोरजोरात टाळ्या वाजवल्या. मी पुन्हा फेट्यात होते. गायकवाड सरांनी माईकवरून जाहीर केलं की नामदेवआबांचं नाव आता जगज्जेत्याच्या यादीत लागणार, आणि मंगल कार्यालय दणाणलं. आबांना दोन शब्द बोलायला वर बोलावलं. ते वर आले, माईक हातात घेतला आणि माझ्याकडे दिला. म्हणाले, माजं नगं, तुमी त्यो नियम सांगा. मग मी आयुष्यातलं सगळ्यांत छोटं आणि बहुधा सगळ्यांत चांगलं भाषण केलं. प्यादं शेवटच्या घरात पोचलं की त्याचा घोडा करता येतो, जगात कुठेही करता येतो, आणि तसं करणाऱ्याला हसायचा अधिकार कुणालाही नाही. मागच्या ओळीतून सांगवीचे एक म्हातारे म्हणाले, ह्ये आमाला ठावंच हाय.

निघताना आबा गाडीपर्यंत आले. काकवीची बाटली माझ्या बॅगेत त्यांनी स्वतः कोंबली. मग दाराला हात धरून उभे राहिले.

"बाई, त्यो पुण्याचा डाव म्या हरलो म्हनून सांगत आलोय. घरी, गावात, समद्यांस्नी. आता काय सांगू?"

"सांगा, डाव अर्धा राहिलाय."

त्यांनी थोडा विचार केला आणि गाडीचं दार लावलं. गाडी निघाली तेव्हा ते ऋतुजाला काहीतरी हातवारे करून दाखवत होते. बोटाने हवेतच पट आखत होते आणि मोहरी मांडत होते, त्याचा राजा इथं, माझा तिथं. पुण्यातल्या त्या डावात पुढे काय खेळायचं, ते तिला विचारत होते.